चार मित्र घरी येणार आहेत. क्राफ्ट बिअर कशी द्यावी म्हणजे तिची खरी चव कळेल?

तुम्ही लिहिलंय की शनिवारी चार मित्र येणार आहेत, मायक्रोब्रुअरीतून व्हीट बिअर (गव्हाची), आयपीए (कडवट 'इंडिया पेल एल') आणि स्टाउट (भाजलेल्या जवाची काळी बिअर) असे तीन ग्राउलर, म्हणजे ताजी बिअर भरून न्यायच्या मोठ्या बाटल्या, आणायचेत, आणि काचेचे मग आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवायचा विचार आहे. ते मग फ्रीजरमध्ये अजिबात ठेवू नका. बाकी सगळं त्यानंतर.

आपल्याकडे बिअर म्हणजे 'एकदम चिल्ड' ही सवय हाडीमाशी खिळली आहे. उन्हातून आल्यावर साधी लागर, म्हणजे नेहमीची पिवळी बिअर, तशी प्यायला मलाही आवडते. पण गारठलेल्या जिभेला चव कळत नाही आणि थंडगार बिअरमधून वासही वर येत नाही. क्राफ्ट बिअरला आपण जास्त पैसे मोजतो ते तर त्या वासासाठीच. शिवाय मगावरचा बर्फ वितळून बिअरमध्ये पाणी उतरतं ते वेगळंच. घरचा फ्रीज साधारण 4 अंशांवर असतो. व्हीट बिअर 5 ते 8 अंशांना छान लागते, आयपीए 8 ते 10 आणि स्टाउट 10 ते 13. थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही. व्हीट फ्रीजमधून काढली की ओता, आयपीए दहा मिनिटं आधी बाहेर काढा, स्टाउट वीस-पंचवीस मिनिटं. मे महिना असेल तर वेळ निम्मा करा.

ग्राउलर शक्यतो शनिवारीच भरून घ्या. न उघडलेला, थंड ठेवलेला ग्राउलर दोन-तीन दिवस टिकतो. उघडला की त्याच संध्याकाळी संपवायचा. येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फ टाकून आणा. मी एकदा भर दुपारी ग्राउलर डिकीत ठेवून वाटेत दोन कामं उरकली. घरी झाकण फिरवताच फेस ओट्यावरून खाली वाहिला आणि आत उरली ती सपाट, कोमट बिअर. वाईट वाटलं, कारण बनवणाऱ्याने काही कमी केलं नव्हतं. उन्हापासूनही जपा. बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांमधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की काही मिनिटांत कुबट, नकोसा वास धरतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी कमी आणि पांढरी काच अजिबात नाही.

आता ग्लास. माझ्या मते घरी बिअर बिघडते ती सगळ्यात जास्त इथे. आपण ज्या घासणीने फोडणीची कढई घासतो, तिनेच ग्लास घासतो. डोळ्यांना तो लख्ख दिसतो, पण तेलाचा अगदी पातळ थर राहतो आणि तो फेस मारतो. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर तिथे ग्लास स्वच्छ नाही असं समजा. एक सोपी परीक्षा आहे: ग्लास आतून ओला करा आणि मीठ भुरभुरवा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागी चिकटत नाही. माझ्याकडे बिअरच्या ग्लासांसाठी वेगळी घासणी आहे. खाण्याचा सोडा लावून धुतो, भरपूर पाण्याने खळबळतो आणि जाळीवर उलटे ठेवतो. फडक्याने पुसत नाही, फडक्याचा वास लागतो. ओतायच्या आधी गार पाण्याने एकदा विसळायचा, ओलाच वापरायचा.

ग्लास तिरका धरून कडेवरून ओता, अर्ध्याच्या पुढे गेला की सरळ करा, म्हणजे वर दोन बोटं फेस येईल. फेस म्हणजे फसवणूक नव्हे; वास त्यातूनच नाकाशी येतो. आणि एका वेळी शंभर-दीडशे मिलीच द्या. आधी व्हीट, मग आयपीए, शेवटी स्टाउट. आयपीए आधी दिली तर तिच्या कडवटपणापुढे व्हीट पाणचट वाटेल.

व्हीट बिअर नक्की कोणती हे भरून घेताना विचारा. बव्हेरियाची हेफेवायझेन असेल तर केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. ती सगळी यीस्टची करामत. यीस्ट तळाशी बसलं असेल तर ग्राउलर हळूच आडवा फिरवा, हलवू नका. बेल्जियमची विटबिअर असेल तर तिच्यात खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. माझी आई पीत नाही. एकदा टेबलावरचा ग्लास उचलताना तिने सहज वास घेतला आणि म्हणाली, "यात धणे कुटून घातलेत का रे?" तोवर आम्ही तिघं 'सिट्रस', 'फ्लोरल' असले शब्द शोधत होतो. तेव्हापासून मी पाहुण्यांना बाटलीवरचं वर्णन वाचू देत नाही. आधी वास घ्या, घोट गिळा, मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, आणि जे आठवेल ते म्हणा: कैरी, चिंच, जळका गूळ, भाजलेले जव.

आयपीए सगळ्यात ताजी हवी. पूर्वी इंग्लंडहून भारतात जहाजाने येणाऱ्या पेल एलमध्ये टिकाऊपणासाठी जास्त हॉप्स घालत, त्यावरून 'इंडिया पेल एल' हे नाव पडलं. म्हणून ती कितीही टिकते असं अनेकांना वाटतं. पण हल्लीच्या आयपीएमधला आंब्या-संत्र्यासारखा वास फार लवकर विरतो.

खायला काय ठेवताय ते लिहिलं नाहीत. विटबिअर मिळाली तर कोथिंबीर वडी नक्की करा. धणे आणि कोथिंबीर एकाच झाडाचे, ते घोटाघोटाला जाणवतं. सुरमई फ्रायही चालेल. तांबडा रस्सा मात्र आयपीएबरोबर देऊ नका, कडवटपणाने तिखट आणखी चढतं. रस्सा करायचाच असेल तर तो व्हीटबरोबर वाढा, आणि आयपीएच्या वेळी खारे शेंगदाणे नाहीतर चीज ठेवा.