अवयव पाडायला बसण्याआधी

बहुपदी दिसली की लगेच मधलं पद फोडायला घेऊ नकोस. आधी सगळ्या पदांत काही सामाईक आहे का ते बघ. १२क्ष³ + १४क्ष² − ४०क्ष हे भीतीदायक वाटतं, पण २क्ष बाहेर काढला की कंसात उरतं फक्त ६क्ष² + ७क्ष − २०.

आता टोकाच्या सहगुणकांचा गुणाकार कर: ६ × (−२०) = −१२०. गुणाकार −१२० आणि बेरीज ७ येईल अशी जोडी हवी. इथे अंदाजाने उड्या मारू नकोस, चिन्हं वाच. गुणाकार ऋण, म्हणजे एक संख्या धन आणि एक ऋण. बेरीज धन, म्हणजे मोठी धन. १२० च्या जोड्या क्रमाने लिहीत गेलास की १५ आणि −८ सापडतात. मग

६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

दुसऱ्या ओळीत दोन्ही कंस सारखे आले नाहीत तर तिथेच थांब. बहुतेक वेळा −४ बाहेर काढताना आतलं चिन्ह बदलायचं राहिलेलं असतं. आणि सुरुवातीचा २क्ष शेवटच्या उत्तरात लिहायला विसरू नकोस, फार जणांचे गुण तिथेच जातात.

जोडी सापडतच नसेल तर कंसातली बहुपदी अक्ष² + बक्ष + क अशी धरून ब² − ४अक काढ. पूर्णांक सहगुणक असताना ती किंमत पूर्ण वर्ग नसेल, तर परिमेय अवयव पडणारच नाहीत, शोध सोडून दे. इथे ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग.

अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र मात्र पाठच कर. आणि प्रत्येक उत्तर गुणून तपास, रोज.