टायमिंग की नंबर? ट्रायल्समधल्या पळण्याबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी बायकांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींवर इतके प्रश्न आले की आहार आणि दुखापतींचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. बरेचसे प्रश्न सारखेच होते, त्यामुळे काही एकत्र केलेत.

अमेरिकेत म्हणे ट्रायल्सला पहिल्या तिघी आल्या की सरळ ऑलिंपिक. मग ती पात्रता वेळ आणि वर्ल्ड रँकिंग कशासाठी? — एक वाचक, पुणे

बरोबर ऐकलंत, पण अर्धंच. ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी तिथे कमिटी बसून नावं ठरवत नाही, त्या दिवशी पहिल्या तीन म्हणजे तीन, तुम्ही कितीही मोठं नाव असा, चौथ्या आलात की टीव्हीवर ऑलिंपिक बघा. पण त्या तिघींनी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या अटीतही बसायला लागतं. पॅरिस २०२४ ला बायकांच्या ५००० मीटरसाठी पात्रता वेळ होती १४:५२.०० आणि जागा ४२, तर १०,००० साठी ३०:४०.०० आणि जागा फक्त २७. एका देशाच्या जास्तीत जास्त तिघी. वेळ गाठलेल्या आधी आत, उरलेल्या जागा मुख्यतः रँकिंगवरून. यातलं काहीच हातात नसेल तर ट्रायल्सला तिसरी येऊनही उपयोग नाही, मागची जिच्याकडे ते आहे ती जाते.

आणि खरी मजा इथेच सुरू होते. ज्या मुलीने पात्रता वेळ आधीच दिलीय तिने एसटीत खिडकीतून रुमाल टाकून ठेवलाय, तिला घाई नाही, रेस जितकी हळू जाईल तितकं तिला बरं, शेवटच्या दोन लॅपमध्ये (लॅप म्हणजे ४०० मीटरची फेरी) पाय मोकळे करायचे की झालं. जिच्याकडे ती वेळ नाही तिला मात्र नंबरही पाहिजे आणि घड्याळही पाहिजे. म्हणजे एकाच ट्रॅकवर एकाच वेळी दोन वेगळ्या शर्यती चालू असतात, आणि टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं या सगळ्या एकच शर्यत पळतायत. २०२४ ला यूजीनच्या हेवर्ड फील्डवर १०,००० वेनी केलाटीने ३१:४१.०७ मध्ये जिंकली, म्हणजे पात्रता वेळेपेक्षा तब्बल मिनिटभर जास्त, आणि तरी ती पॅरिसला गेली कारण तिचं काम आधीच झालेलं होतं.

जाता जाता एक गंमत सांगते. लंडन २०१२ ला ५००० ची मुख्य पात्रता वेळ होती १५:२०, म्हणजे लॅपला ७३.६ सेकंद. पॅरिसला १०,००० ची ३०:४०, तेही बरोबर ७३.६. बारा वर्षांपूर्वी ज्या पेसवर ५००० ला पात्र होता येत होतं, तोच पेस आता पंचवीस लॅप ओढायचा.

ताई, मी युनिव्हर्सिटीकडून ५००० पळते. टायमिंग वाईट नाही पण मोठ्या मीटला शेवटच्या लॅपमध्ये दोघी-तिघी निघून जातात. एकदा वैतागून चार लॅप आधीच सुटले तर शेवटी पाय भरून आले आणि अजून मागे पडले. किक नेमकी कधी मारायची? — एक धावपटू, सांगली जिल्हा

अगं, किकचं, म्हणजे शेवटच्या मुसंडीचं, उत्तर देण्याआधी तुला एक रेस सांगते, २८ जून २०१२, यूजीन, अमेरिकेच्या ट्रायल्स, बायकांची ५०००. यूट्यूबवर मिळते का बघ, आणि शेवटचे चार लॅप दोनदा बघ.

रेस हळू चाललेली, मोठा पॅक म्हणजे घोळका, कोणी पुढे यायला तयार नाही. ज्युलिया लुकासकडे १५:२० च्या आतली वेळ आधीच होती. शेवटचे साधारण तीन-साडेतीन लॅप राहिले असताना ती एकदम सुटली, आणि सुटली म्हणजे खरंच सुटली, मागे मोठी गॅप पडली, बघणाऱ्यांना वाटलं ही आता जातेच लंडनला. पण शेवटच्या लॅपमध्ये तिचे पाय गेले. आधी ज्युली कली आणि मॉली हडल तिला गाठून पुढे गेल्या, ठीक आहे, तिसरी जागा तर होती ना. आणि मागून येत होती किम कॉनली, जिच्याकडे पात्रता वेळच नव्हती, म्हणजे तिला तिसरीही यायचं होतं आणि १५:२०.०० च्या आतही. शेवटच्या पावलाला कॉनलीने लुकासला गाठलं. कॉनली १५:१९.७९, लुकास १५:१९.८३. चार शतांश! आणि पात्रता वेळेपासून कॉनली एकवीस शतांश आत. पाचवी आलेली अ‍ॅबी डॅगोस्टिनो, ती १५:१९.९८. तिसरी ते पाचवी या तिघी मिळून पाव सेकंदाच्याही आत, आणि त्यातली एकच लंडनला.

आता लोक या रेसचा अर्थ लावतात की लुकास लवकर सुटली म्हणून हरली. मला ते अर्धवट वाटतं. लुकासला स्वतःला वेळेची गरजच नव्हती, तिने रेस हळूच राहू दिली असती तर कॉनली तिसरी येऊनसुद्धा अडली असती! लुकासच्या त्या लांब सर्जमुळे पूर्ण पॅकचा स्पीड वाढला आणि ज्यांना टायमिंग हवं होतं त्यांना फुकटात पेसर, म्हणजे वेग लावून देणारी, मिळाली. म्हणजे चूक कधी सुटली ही तर होतीच, पण कोणासाठी सुटली ही जास्त मोठी. सुटताना तुझ्या मागे कोण आहे आणि तिला काय पाहिजे हे माहीत असायला हवं. स्टार्ट लिस्ट आदल्या दिवशी हातात येते, ती पाठ कर, प्रत्येकीचं या सीझनचं टायमिंग काढ, कोणाची किक २०० ची आहे आणि कोण ८०० पासून ओढते ते लिहून ठेव.

आता तुझी किक. चार लॅप म्हणजे १६०० मीटर, त्याला किक म्हणत नाहीत बाई, ती दुसरी रेस झाली. तुझ्यात शेवटचा ४०० काढायचा स्पीड नसेल तर दोनच रस्ते. एक, ८०० ते ६०० राहिले असताना हळूहळू वाढव, झटका देऊ नकोस, लॅपला ७४ सेकंदांवरून ७२, मग ७०, म्हणजे ज्या किकर्स आहेत त्यांचे पाय शेवटच्या लॅपच्या बेलपर्यंत निम्मे संपलेले असतील. दुसरा, बेलच्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असायचं, पण पहिल्या लेनच्या आतल्या कडेला अडकून नाही, पुढचीच्या उजव्या खांद्याला. आत अडकलीस तर समोर एक, बाजूला एक, बॉक्स झालीस, मग सुटणाऱ्याकडे नुसती बघत बसशील. आणि लाइन ओलांडेपर्यंत पळायचं. २०१५ ला बीजिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १०,००० ला याच मॉली हडलने ब्राँझ मिळालं समजून लाइनच्या आधीच हात वर केले आणि एमिली इन्फेल्ड आतून येऊन ब्राँझ घेऊन गेली.

आपल्याकडे अडचण अशी आहे की आपल्या मुलींना असल्या गर्दीत पळायची सवयच लागत नाही. बऱ्याच मीटला एक-दोघी चांगल्या, बाकी लॅप खाऊन मागे, म्हणजे पूर्ण रेस एकटीने घड्याळाशी. तुला जमलं तर मुलांसोबत १५०० पळ, ग्रुपमध्ये धक्के खात पळ. पारुल चौधरीचं हांगझो एशियन गेम्सचं ५००० बघ, जपानची हिरोनाका पुढे, आणि पारुलने अगदी शेवटच्या सरळ पट्ट्यात तिला गाठलं, १५:१४.७५ आणि गोल्ड. तेही आदल्या दिवशी स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, सिल्व्हर घेतलेलं असताना.

मुलीचे कोच म्हणतात पॅकमध्ये बसून राहा. मला वाटतं पुढे राहून पळावं, धक्काबुक्कीच नको. कोण बरोबर? — एक पालक, कोल्हापूर

कोच. म्हणजे तुमचं चूक असं नाही, पण रेसच्या आदल्या रात्री घरात दोन वेगळे प्लॅन नकोत. आणि कडेला उभं राहून ‘पुढं जा, पुढं जा’ ओरडू नका, प्लीज.

पुढे राहून जिंकता येतं हे खरं आहे. २०२१ ला यूजीनला इतकी उष्णतेची लाट होती की १०,००० ची फायनल सकाळी दहाला घेतली, आणि एमिली सिसनने पुढे राहून पेस असा वाढवत नेला की मागच्या एकेक करत गळाल्या, ३१:०३.८२, डीना कास्टरचा २००४ चा ट्रायल्स रेकॉर्ड मोडला. पण सिसनला माहीत होतं की आपण त्या पेसला इतरांपेक्षा जास्त वेळ टिकतो. २०२४ च्या १५०० ला एल सेंट पिअरनेही रेस पुढूनच ओढली, शेवटच्या पट्ट्यात निकी हिल्ट्झ आणि एमिली मॅकी पुढे गेल्या आणि ती तिसरी आली, ३:५५.९९. तिसरी म्हणजे टीममध्ये, म्हणून कोणी काही बोललं नाही! चौथी आली असती तर सगळ्या जगाने अक्कल शिकवली असती.

धक्काबुक्कीचं म्हणाल तर बाहेरून पळायचाही खर्च असतो. लेन १.२२ मीटरची, म्हणजे दुसऱ्या लेनमधून वळण घेतलं की प्रत्येक लॅपला साधारण साडेसात मीटर जास्त. पूर्ण ५००० कोणी तसं पळलं तर जवळजवळ ९५ मीटर जादा होतात. त्यामुळे सरळ पट्ट्यावर बाहेर या, वळणावर आत राहा, हे मुलीला कोच सांगतच असतील.

पी. यू. चित्राने एशियन चॅम्पियनशिप जिंकली तरी तिला वर्ल्डला पाठवलं नव्हतं ना? मग ट्रायल्स, मेडल सगळं कशाला? — एक वाचक, ठाणे

हो, २०१७. भुवनेश्वरला तिने १५०० चं गोल्ड घेतलं, आणि खंडाची चॅम्पियन म्हणून तिला लंडनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा दरवाजा उघडा होता, पात्रता वेळ नसतानाही. पण तो दरवाजा उघडायचा की नाही हे देशाच्या फेडरेशनच्या हातात असतं, आणि फेडरेशनने तिचं टायमिंग पुरेसं नाही असं म्हणून नाव दिलं नाही. ती केरळ हायकोर्टात गेली, कोर्टाने पाठवा म्हणून सांगितलं, पण तोवर एंट्रीची मुदत संपलेली आणि जागतिक संघटनेने ऐकलं नाही.

माझं मत विचाराल तर अमेरिकेची पद्धत क्रूर आहे पण स्वच्छ आहे. चौथी आलेली रडते, पण कोणावर खटला भरत नाही. आपल्याकडे इंटर-स्टेटला सिलेक्शन मीट म्हणतात, २०२४ ला पंचकुलाची होती तशी, पण नंबर आणि टायमिंग यात नेमकं वजन कशाला हे खेळाडूला सीझनच्या सुरुवातीला एका कागदावर लिहून मिळालं पाहिजे. मीटनंतर नाही.

हीटमध्ये जपून पळावं की जीव तोडून? ललिता बाबरने रिओत काय केलं होतं? — एक शिक्षिका, सातारा

माणच्या मोही गावच्या ललिताने रिओला ३००० स्टीपलचेसच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९:१९.७६ दिलं, तेव्हाचा नॅशनल रेकॉर्ड. हीटमध्ये ती चौथी होती. तेव्हा प्रत्येक हीटमधून पहिल्या तिघी सरळ आणि बाकीच्या सहा टायमिंगवर, म्हणजे चौथी आलेल्या बाईला दुसऱ्या हीटवाल्यांच्या घड्याळाशीही भांडायचं होतं. ती जपून पळाली असती तर फायनल विसरा. फायनलला दहावी आली, ९:२२.७४, आणि १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई ठरली. मॅरेथॉनची पात्रता वेळही तिच्याकडे होती, तिने स्टीपलचेस निवडली, आणि बरं झालं.

आता नियम बदललेत. पॅरिसला स्टीपलचेसच्या हीटमधून फक्त पहिल्या पाच जात होत्या, टायमिंगवर कोणी नाही. त्यामुळे ‘फास्ट हीट पडली तर बरं’ हा हिशोब संपला, आता शेवटच्या लॅपमध्ये पाचवी जागा सोडायची नाही एवढंच. पारुल तिथे ९:२३.३९ पळून हीटमध्ये आठवी आली आणि थांबली.

मॅरेथॉनच्या ट्रायल्सला मैत्रिणीला सोबत घेऊन पळता येतं का? की ती फसवणूक? — दोघी मैत्रिणी, नाशिक

फसवणूक कसली, पूर्ण कायदेशीर आहे. १३ फेब्रुवारी २०१६, लॉस एंजेलिस, भयानक ऊन. एमी क्रॅग आणि शलेन फ्लॅनगन एकत्र सराव करणाऱ्या, दोघी पुढे सुटल्या, आणि उत्तरार्धात फ्लॅनगनला उन्हाने धरलं. क्रॅग तिच्याजवळ थांबली, बोलत राहिली, पाणी दिलं, बरंच अंतर तिला ओढत आणलं. मागून डेझ लिंडेन येतेय म्हटल्यावर शेवटच्या टप्प्यात क्रॅग सुटली आणि जिंकली, २:२८:२०. लिंडेन दुसरी, फ्लॅनगन २:२९:१९ ला तिसरी, आणि लाइन ओलांडल्यावर क्रॅगच्याच अंगावर कोसळली. तिघी रिओला.

तुम्ही दोघी ठरवणार असाल तर आधी हेही ठरवा की कुठल्या किलोमीटरला एकमेकींना सोडायचं, आणि दुसरीने त्याचा राग धरायचा नाही. ३५ नंतर डोकं चालत नाही, तेव्हा चर्चा नको.

ट्रॅकवर घड्याळ घालून पळू का? — एक कॉलेज विद्यार्थिनी, लातूर

घाल, पण जीपीएसचा पेस बघू नकोस, वळणावर ते गंडतं. लॅप बटण दाबायचं, आणि तेही बेलच्या आधीपर्यंतच.