सोनं आणि प्रथिनासारखं?

प्रश्न : मुलगा एम.एस्सी.ला आहे. म्हणतो, सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर पेप्टाइड चढवलं की ते प्रथिनासारखे वागतात. आमची तिसरी पिढी सराफीत, सोनं असं काही वागल्याचं ऐकलं नाही. खरं काय?
– एक सराफ, सांगली

उत्तर : तुम्ही तेजाबात सोनं विरघळवता, आमची सुरुवात तिथूनच. ते पिवळं द्रावण भरपूर पाण्यात उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. आधी रंग उडतो, मग काळपट होतं आणि बघता बघता कोकम सरबतासारखं लालभडक. कण साधारण १२ नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे हिमोग्लोबिनच्या रेणूच्या दुपटीच्या आसपास.

पण हे लाल पाणी फार नाजूक. चिमूटभर मीठ टाका, कण एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळट निळा होतो. सायट्रेटच्या ऋणभारामुळे ते लांब राहतात, मीठ तो भार झाकून टाकतं. मला तर मिठाचीही गरज पडली नव्हती. फ्लास्क अम्लराजाने (म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या त्याच तेजाबाने) धुवायचा सोडून नळाच्या पाण्यावर भागवला, तर सगळं सोनं जांभळं!

२००४ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या गटाने यावर पाच अमिनो आम्लांचं छोटंसं पेप्टाइड शोधून काढलं. (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मणी, पेप्टाइड म्हणजे त्याच मण्यांची आखूड साखळी.) टोकाला सिस्टीन, त्यातलं गंधक सोन्याला घट्ट धरतं. (गंधकाने चांदी कशी काळी पडते, ते तुम्हाला सांगायला नको.) मग अ‍ॅलानीन आणि ल्युसीन, दोघांनाही पाणी नकोसं, म्हणून शेजारच्या साखळ्या एकमेकींना बिलगून दाट थर होतो. बाहेरच्या अंगाला दोन अ‍ॅस्परजीन, पाण्याशी जमवून घेणारे. आता मीठ टाकलं तरी लाल ते लालच.

आतून पाण्याला टाळणारं, बाहेरून पाण्यात रमणारं, ही ठेवण प्रथिनाची. शिवाय प्रथिनं ज्या स्तंभांतून (बारीक मण्यांनी भरलेल्या नळ्यांतून) शुद्ध करतात त्यांतूनच हे कणही काढता येतात. गोठवून सुकवले की भुकटी होते, पाणी घातलं की पुन्हा विरघळते. नुसत्या सायट्रेटवाल्या कणांची अशी भुकटी केली तर पुन्हा विरघळायचं नाव नको.

मात्र मुलाला सांगा, 'सारखं' म्हणजे तेच नव्हे. प्रथिनाची साखळी स्वतःच घडी घालून आकार घेते. इथे आकार सोन्याचा, पेप्टाइड फक्त अंगरखा.

आणि हो, बिघडलेलं द्रावण आम्हीही ओतून देत नाही, वेगळ्या बाटलीत साठवतो. फक्त आमच्या दारात सराफाच्या दुकानातला केर धुऊन सोनं वेचणारा झारेकरी येत नाही.