'पर्यंत'चं इंग्रजी: 'बाय', 'टिल' आणि 'बाय द टाइम'

प्रश्न असा आहे: 'बाय द टाइम'चा अर्थ 'तोपर्यंत' आणि 'अन्टिल'चा अर्थही 'तोपर्यंत'च, तर मग 'आय विल फिनिश इट टिल मंडे' या वाक्यात काय चुकलं? आणि 'बाय द टाइम' वापरलं की पुढे नेमका कुठला काळ येतो?

वाक्य चुकलेलं आहे, आणि ते का चुकतं याचं उत्तर आपल्या 'पर्यंत'मध्ये आहे. ही दोन वाक्यं बघा. 'ग्रंथालय नऊपर्यंत उघडं असतं.' 'ग्रंथालय नऊपर्यंत उघडतं.' शब्द तोच, वेळ तीच, पण पहिल्यात नऊला दार बंद होतं आणि दुसऱ्यात नऊच्या सुमाराला दार उघडलेलं सापडतं. आपला कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण आपण क्रियापदाकडे बघतो. 'उघडं असणं' ही चालू राहणारी अवस्था आहे, 'उघडणं' ही एकदाच घडून संपणारी गोष्ट. मराठीत हा भेद क्रियापद सांभाळतं, म्हणून 'पर्यंत' दोन्हीकडे निवांत चालतो.

इंग्रजीत तो भेद त्या छोट्या शब्दावरच सोपवलेला आहे. एखादी गोष्ट त्या क्षणापर्यंत चालूच राहते तेव्हा 'टिल' किंवा 'अन्टिल'. त्या क्षणाच्या आत कधीतरी पुरी होते तेव्हा 'बाय'. ग्रंथालयाची वाक्यं 'द लायब्ररी इज ओपन टिल नाइन' आणि 'द लायब्ररी ओपन्स बाय नाइन' अशी होतात. 'आय विल सेंड इट टिल मंडे' ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस सोमवारपर्यंत पाठवतच राहणार आहे. 'फिनिश'चंही तेच. संपवणं ही चालत राहणारी क्रिया नाही, म्हणून 'आय विल फिनिश इट बाय मंडे'. पण 'आय विल वर्क ऑन इट टिल मंडे' हे अगदी बरोबर, कारण काम करणं चालू राहू शकतं.

ही अडचण फक्त मराठी बोलणाऱ्यांची नाही. हिंदीतलं 'तक' असंच दोन्ही कामं करतं. जर्मनमधलं 'बिस'ही करतं, आणि इंग्रजी शिकणारे जर्मन लोक नेमके इथेच अडखळतात. जपानीत मात्र 'मादे' म्हणजे चालू राहण्याचा 'पर्यंत', आणि त्याला 'नि' जोडून 'मादेनि' केलं की मुदतीचा 'पर्यंत'. एका अक्षरात काम झालं! मला ही जोडी फार आवडते.

इंग्रजी शब्दांच्या मुळाशी गेलं तरी फरक ठळक होतो. 'बाय'चा जुना अर्थ 'जवळ, शेजारी'. 'स्टँड बाय द डोअर'मध्ये तो अजून तसाच आहे. 'बाय मंडे' म्हणजे आपण सोमवारापाशी येऊन ठेपलो तेव्हा काम झालेलं असेल. 'टिल' मात्र मुळात दिशा दाखवणारा, इथून तिथवर नेणारा शब्द. तो जुन्या नॉर्स भाषेतल्या 'तिल'शी जोडलेला आहे. जाता जाता: 'टिल' हा 'अन्टिल'चा संक्षेप नव्हे, तो 'अन्टिल'पेक्षा जुना आहे. तेव्हा त्याच्या आधी लोपचिन्ह द्यायची काहीच गरज नाही.

आता 'बाय द टाइम'. हा त्याच 'बाय'चा विस्तार आहे. घड्याळातली वेळ किंवा वार सांगायचा नसून एखादी दुसरी घटना सांगायची असेल तेव्हा तो येतो. 'मी पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती' म्हणजे 'बाय द टाइम आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट'. 'मी पोहोचेपर्यंत ते थांबले' म्हणजे 'दे वेटेड अन्टिल आय रीच्ड'. 'पोहोचेपर्यंत' दोन्हीकडे एकच; सुटणं आणि थांबणं यांनी निवाडा केला. आपल्याकडे 'टिल द टाइम आय रीच्ड' असं एक मिश्रणही ऐकू येतं. तिथे नुसतं 'टिल' किंवा 'अन्टिल' पुरतं.

काळाचा प्रश्न अवघड वाटतो, कारण 'येईपर्यंत', 'पोहोचेपर्यंत', 'संपेपर्यंत' या रूपांना स्वतःचा काळच नाही. 'ती येईपर्यंत', 'आम्ही येईपर्यंत', 'तुम्ही येईपर्यंत': माणूस बदलला, वचन बदललं, रूप हलत नाही. भूतकाळात 'तू येईपर्यंत ती गेली होती', भविष्यात 'तू येईपर्यंत ती गेलेली असेल'. काळ सगळा पुढच्या क्रियापदात. इंग्रजीत 'बाय द टाइम'नंतरच्या क्रियापदालाही काळ द्यावाच लागतो. भूतकाळात 'बाय द टाइम यू केम, शी हॅड लेफ्ट'. भविष्याबद्दल बोलताना मात्र तिथे साधा वर्तमानकाळ: 'बाय द टाइम यू कम, शी विल हॅव लेफ्ट'. 'येईपर्यंत'मध्ये आपल्या कानाला 'येईल' ऐकू येतं आणि तोंडून 'बाय द टाइम यू विल कम' निघतं. 'व्हेन', 'आफ्टर', 'बिफोर', 'अन्टिल' यांच्यामागून वेळ सांगणारं उपवाक्य आलं की त्यातही 'विल' येत नाही. नियम एकच आहे, 'बाय द टाइम'साठी वेगळा पाठ करायला नको.

मुख्य वाक्यात दर वेळी 'हॅड' हवंच असं काही व्याकरणाची पुस्तकं भासवतात, ते मला पटत नाही. घटना घडून गेलेली सांगायची असेल तर 'हॅड'. पण अवस्थाच सांगायची असेल तर साधं 'वॉज' किंवा 'वेअर' चालतं: 'बाय द टाइम आय रीच्ड, दे वेअर ऑल अस्लीप'. आपणही 'सगळे झोपेत होते' असं म्हणतोच. आणि काम किती वेळ चाललं होतं ते मोजायचं असेल तर 'हॅड बीन': 'बाय द टाइम द गेस्ट्स केम, शी हॅड बीन कुकिंग फॉर थ्री अवर्स'. पाहुणे येईपर्यंत तिला स्वयंपाक करताना तीन तास झाले होते. तेच 'पाहुणे येईपर्यंत ती स्वयंपाक करत होती' म्हटलं की पुन्हा 'अन्टिल'कडे जावं लागतं.

खरा पेच नकारात आहे. 'आय वोन्ट लीव्ह टिल मंडे' बरोबर आहे, जरी निघणं ही क्षणात होणारी गोष्ट असली, कारण न निघणं चालू राहू शकतं. इथवर ठीक. पण आपण 'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही' असं म्हणतो, आणि त्यातला पहिला 'नाही' इंग्रजीत उचलून नेतो: 'अन्टिल यू डोन्ट कम'. इंग्रजीत तो नको, 'अन्टिल यू कम' एवढंच. अशा वेळी आधी मनात 'तू येईपर्यंत मी जेवणार नाही' असं वाक्य फिरवून घ्यावं. त्यात जादा नकार नसतोच, मग इंग्रजीत तो शिरणार कुठून?

'ती नऊपर्यंत आली नाही' हे वाक्यही नीट पाहण्यासारखं आहे. नऊ वाजले तेव्हा ती आलेली नव्हती, पुढचं काही ठाऊक नाही, असं म्हणायचं असेल तर 'शी हॅडन्ट कम बाय नाइन'. ती आली, पण उशिरा, नऊला, असं म्हणायचं असेल तर 'शी डिडन्ट कम अन्टिल नाइन'. या दुसऱ्यासाठी मराठीत 'पर्यंत'हून नेमका शब्द आहे: 'ती नऊला कुठे आली'. हा 'कुठे' जागा विचारत नाही. इतका वेळ वाट पाहायला लावून शेवटी एकदाचं घडलं, हे तो सांगतो. 'दुपारी कुठे पाऊस थांबला', 'तिसऱ्यांदा समजावलं तेव्हा कुठे कळलं'. 'नॉट अन्टिल'चं भाषांतर करताना लोक 'पर्यंत... नाही' अशी लांबलचक रचना करतात आणि हा 'कुठे' विसरतात, याचं वाईट वाटतं.

मुदतीबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरलेला असतो, 'बिफोर फ्रायडे'मध्ये नसतो. 'शुक्रवारपर्यंत' आणि 'शुक्रवारच्या आत' यांत आपण साधारण हाच फरक करतो. तरी शुक्रवारी सकाळी की संध्याकाळी हे 'बाय' सांगत नाही, म्हणून काम महत्त्वाचं असेल तर वेळ लिहावी.

'बाय देन'ला आपलं 'तोवर' चालतं. 'बाय नाऊ'साठी 'आतापर्यंत' लिहिलं की पुन्हा दोन अर्थ होतात: आत्तापर्यंत चालू, की आत्तापर्यंत पुरं. इथे 'एव्हाना' घ्यावा. 'शी मस्ट हॅव रीच्ड बाय नाऊ', एव्हाना ती पोहोचली असेल. 'एव्हाना ती थांबली आहे' असं 'टिल नाऊ'च्या अर्थाने कुणी म्हणत नाही. म्हणजे 'बाय'चा नेमका अर्थ बाळगणारा एक शब्द मराठीत आहेच, आणि तो 'पर्यंत'च्या वाटेला जात नाही.