‘निविदा’ नेमकी कोणाची?

प्रश्न असा आला आहे: ‘पुलाच्या कामाची निविदा प्रसिद्ध झाली’ असे आपण म्हणतो आणि ‘त्या कामासाठी तीन निविदा आल्या’ असेही म्हणतो. मग निविदा म्हणजे कार्यालयाने दिलेली जाहिरात की कंत्राटदाराने दिलेला प्रस्ताव? शिवाय ‘जाहीर निविदा’ हा प्रयोग बरोबर आहे का?

काटेकोर अर्थाने निविदा कंत्राटदाराची असते. अमुक काम अमुक दराने आणि अमुक अटींवर करून देण्यास मी तयार आहे, असे त्याने लेखी कळवणे म्हणजे निविदा. कार्यालय जे प्रसिद्ध करते ती ‘निविदा सूचना’ होय, म्हणजे इच्छुकांनी निविदा सादर कराव्यात असे आवाहन. करारविषयक कायद्याची सर्वसाधारण दृष्टीही हीच आहे. सूचना हे देकार (म्हणजे कराराचा प्रस्ताव) देण्याचे निमंत्रण असते, निविदा हा प्रत्यक्ष देकार असतो आणि तो स्वीकारला गेला की करार आकाराला येतो. म्हणूनच सूचना काढली एवढ्याने कार्यालय कोणाला काम देण्यास सहसा बांधले जात नाही.

शब्दाच्या घडणीत मात्र दोन्ही बाजूंना जागा आहे. ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘विद्’ म्हणजे जाणणे हा धातू यांच्यापासून ‘निवेदन’ आणि ‘निवेदक’ हे शब्द आले आहेत, आणि ‘निविदा’ही त्यांच्याच कुळातली आहे. वैदिक यज्ञात देवतेला तिच्या गुणांनी संबोधून पाचारण करणाऱ्या छोट्या गद्य वचनांना ‘निविद्’ म्हणत. कळवणे हा या सगळ्यांचा गाभा आहे, परंतु कोणी कोणाला कळवायचे हे धातू सांगत नाही. ‘टेंडर’ या शब्दाच्या मुळाशी ‘पुढे करणे, देऊ करणे’ हा अर्थ असल्याने तो देणाऱ्याच्या बाजूला अधिक स्पष्टपणे झुकतो.

गोंधळाचे खरे कारण मला व्युत्पत्तीपेक्षा कागदात दिसते. कामाचे वर्णन, अटी आणि दर लिहिण्यासाठी मोकळे रकाने असलेला छापील संच इच्छुकाने कार्यालयातून विकत घ्यायचा, त्यात आकडे लिहून सही करायची आणि मोहोरबंद लखोट्यातून तोच परत द्यायचा, अशी जुनी पद्धत होती. विकत घेताना ती ‘कोरी निविदा’ असे आणि परत देताना ‘भरलेली निविदा’. कागद एकच असल्यामुळे नावही एकच राहिले. आता संगणकावर सगळे होत असले, तरी आपण निविदा ‘भरतो’च.

व्याकरणानेही या संदिग्धतेला हातभार लावला आहे. ‘निविदा’ या आकारान्त स्त्रीलिंगी तत्सम शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन दिसायला सारखेच असते, त्यामुळे अर्थ क्रियापदावरून ओळखावा लागतो. ‘पात्र कंत्राटदारांकडून मोहोरबंद निविदा मागविण्यात येत आहेत’ या ठरावीक वाक्यातील ‘आहेत’ पाहावे. एका कामासाठी अनेक निविदा अपेक्षित आहेत, म्हणजे त्या कंत्राटदारांच्या आहेत, हे त्या एका रूपाने सांगितले. मागवणे, भरणे, सादर करणे, उघडणे, स्वीकारणे, फेटाळणे ही क्रियापदे कंत्राटदाराच्या निविदेला लागतात. ‘काढणे’ आणि ‘प्रसिद्ध करणे’ मात्र सूचनेला लागतात, कारण तेथे ‘सूचना’ हा शब्द बोलण्याच्या ओघात गळालेला असतो. बोलताना तो गळाला तर काही बिघडत नाही, आणि ‘निविदा काढली’ या बोलीला मी चूक म्हणणार नाही.

लेखी मजकुरात मात्र तो गळू देऊ नये, याबद्दल माझा आग्रह आहे. ‘निविदेच्या तारखेपासून 120 दिवस’ असे लिहिले, तर ती तारीख सूचना प्रसिद्ध झाल्याची, निविदा सादर करण्याच्या शेवटच्या दिवसाची, की निविदा उघडल्याची? पहिला अर्थ घेणारा आणि तिसरा अर्थ घेणारा यांच्या हिशेबात काही आठवड्यांचे अंतर पडू शकते. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदीविषयक करारात खुल्या पद्धतीसाठी सूचना प्रसिद्ध झाल्यापासून निविदा सादर करण्याच्या अंतिम तारखेपर्यंत सर्वसाधारणपणे किमान 40 दिवस द्यावेत असे म्हटले आहे, आणि सूचना इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध केल्यास त्यातून 5 दिवस कमी करण्याची मुभा आहे. या नियमाचा मराठी अनुवाद करताना दोन्ही टोकांना नुसते ‘निविदा’ लिहिले, तर मुदत कोठून सुरू होते आणि कोठे संपते हेच वाचकाला कळणार नाही. ‘निविदेस मुदतवाढ’ या मथळ्यालाही हेच लागू आहे. तेथे वाढते ती निविदा सादर करण्याची मुदत, आणि ती कळवणारे शुद्धिपत्रक हा मूळ सूचनेचा भाग असतो.

आता ‘जाहीर निविदा’. निविदा उघडेपर्यंत गुप्त राहावी, एकाचा दर दुसऱ्याला कळू नये, यावर ही सारी पद्धत उभी आहे. लिलावात बोली सर्वांसमक्ष लागते आणि चढत जाते, म्हणून तेथे ‘जाहीर लिलाव’ शोभतो. निविदेच्या बाबतीत जाहीर असते ती सूचना, आणि ठरलेल्या वेळी निविदाकारांसमक्ष उघडल्यावर वाचून दाखवलेले दर. त्यामुळे मथळा ‘जाहीर निविदा सूचना’ असा पूर्ण लिहावा. त्यातले ‘जाहीर’ हे विशेषण सूचनेचे आहे.