वाचक विचारतात : ‘किस’ची उमेदवारीची वर्षं

प्रश्न : ‘किस’ या अमेरिकी रॉक बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७४चा. मग नाव व्हायला १९७५ची अखेर का उजाडली? रंगवलेले चेहरे तर होतेच! (एक वाचक, सांगली)

उत्तर : चेहऱ्यांमुळे लोक बघायला येत, रेकॉर्ड घ्यायला नव्हे. ३० जानेवारी १९७३ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा समोर दहा माणसंही नव्हती. पुढे गर्दी वाढली, पण स्टुडिओतले पहिले तिन्ही अल्बम ऐकायला मिळमिळीत. स्टेजवरचा दणका त्यांत उतरलाच नाही. खर्च मात्र स्टेजचाच : धूर, जाळ, वर उचलला जाणारा ड्रमचा चौथरा. कॅसाब्लांका ही त्यांची रेकॉर्ड कंपनीही कर्जात होती. मॅनेजर बिल ऑकॉइन यांनी दौऱ्याचा खर्च स्वतःच्या क्रेडिट कार्डावर ओढला. तिसऱ्या अल्बमच्या कव्हरवर चौघे सुटाबुटात दिसतात ना, त्यातले बरेचसे सूट मॅनेजरचेच. बास गिटार वाजवणाऱ्या जीन सिमन्सची पँट बघा, आखूड आहे आणि पायात चक्क लाकडी तळाच्या सपाता!

सप्टेंबर १९७५मध्ये ‘अलाइव्ह!’ हा कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण असलेला जोडअल्बम आला आणि गाडी रुळावर आली. त्यात स्टुडिओत बरीच डागडुजी झाली होती, हे नंतर उघड झालं. आमच्या मते त्यानं काही बिघडत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या कार्यक्रमात ‘किस’सारखा मेकअप करतो, पण तिसऱ्या गाण्याला चेहरा राखाडी होतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही पावडर मारत नसाल, किंवा अगदी शेवटी मारत असाल. ग्रीसपेंट, म्हणजे चेहऱ्याला लावायचा तेलकट रंग, स्वतःहून वाळत नाही. पांढरा थर पातळ हवा, खालची कातडी जेमतेम झाकण्याइतका. बोटांनी थोपटून लावा, चोळू नका. काळ्याची जागा कोरी सोडा. पांढऱ्यावर काळा चढवला की दोन्ही कालवले जातात. मग स्वच्छ सुती मोज्यात टाल्कम भरून, डोळे-तोंड मिटून, चेहऱ्यावर हलके आपटा. पाचेक मिनिटांनी मऊ ब्रशनं जादा पावडर झाडा. त्यानंतर काळा भरा आणि त्यावरही पावडर मारा. जाड थर हसताना ओठांच्या कडेला तडकतो. घाम टिपायचा, पुसायचा नाही. रंग उतरवायला कोल्ड क्रीम किंवा खोबरेल, साबण नंतर.

प्रश्न : तोंडातून जाळ काढायला कसं शिकावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शिकू नये. सिमन्सनं ३१ डिसेंबर १९७३ला न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पहिल्यांदा हे केलं आणि त्याच रात्री त्याचे केस पेटले. केसांवर स्प्रे असला तर ठिणगीही पुरते. जाळापेक्षा वाईट म्हणजे जाळासाठी तोंडात धरलेलं रॉकेल श्वासाबरोबर फुफ्फुसात जातं, त्यानं न्यूमोनिया होतो. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. स्टेजवर लाल दिवा आणि धुराचं मशीन पुरे.