मातीची फुलदाणी, घरची शेवंती

प्रश्न : हाताने घडवलेल्या, बिनझिलईच्या फुलदाणीतून पाणी झिरपून टेबलावर डाग पडतो. शेवंतीही दोन दिवसांत माना टाकते. काय करावं?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : भाजलेली माती सच्छिद्र असते, ती पाझरणारच. आत काचेचा अरुंद ग्लास बसवा आणि पाणी त्यातच भरा. बाहेरून वॉर्निश मात्र नको, मातीचा सगळा पोतच जातो!

शेवंती सकाळी लवकर कापा, देठ तिरका. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. ती कुजली की पाणी नासतं, देठाचं तोंड बुजतं आणि फूल मान टाकतं. पाणी रोज बदला, दर वेळी देठ १ सेंमी छाटा.

फुलदाणी २० सेंमी असेल तर फुलं तिच्या काठावर ३० सेंमीपर्यंत उंच ठेवा. तीन-पाच देठ पुरेत. लालसर मातीवर पांढरी शेवंती खुलते, केशरी झेंडू हरवतो.